तुम्ही, तू आणि परत तुम्ही

रशियनमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या क्लासला हे पहिल्यांदा फळ्यावर आलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे ती तू आहेस तर, आणि बाई फळ्याकडे तोंड करून असल्या तरी त्यांचे खांदे हलताना दिसले. आमचं पुस्तक मुळात इंग्लिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं, त्यामुळे त्यात ह्या प्रकरणावर अख्खं पान खर्ची घातलेलं, कुणाला 'ती' म्हणायचं, कुणाला 'वी', ओळख वाढली की आधी कोणी विचारायचं वगैरे. आम्हाला ते पान वाचायची गरजच पडली नाही. सासऱ्यांना अहो, मैत्रिणीला अगं आणि विठ्ठलाला सरळ अरे, हे ज्यांना पाळण्यातूनच येतं त्यांना काय शिकवणार. (रशियन लोकही देवाला 'ती'च म्हणतात असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.)

हे आठवायचं कारण म्हणजे एक पत्र. रशियन कवी पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' ह्या कवितेत लिहिलेल्या कादंबरीतलं तात्यानाचं पत्र, जे रशियात शाळेतली पोरं पाठ करतात. गेली काही वर्षं मी ह्या पत्राच्या मागे लागलेय कारण ते एका जागी थांबतच नाही, फ्रेंचमधून रशियनमध्ये जातं, कवितेतून गाण्यात, मग बिनशब्दाच्या नाचात, आणि मधेच एकदा तर एका खऱ्या माणसाच्या आयुष्यात घुसून त्याने पार वाट लावून ठेवली.

मी मात्र ह्या सगळ्यात शेपटाकडून शिरले.

कंपनीने सहा महिन्यांसाठी श्टुटगार्टला पाठवलं होतं. जानेवारी, दुपारी साडेचारलाच अंधार, रूमवर यायचं, खिचडी लावायची आणि घरी व्हिडिओ कॉल, एवढंच आयुष्य. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटीज आहेत म्हणे, पण ह्या बहिणींचं एकमेकींकडे फारसं जाणं-येणं नसावं, मला तरी तिथे पहिले दोन महिने कुणी माहेरचं वाटलं नाही. एका शनिवारी कंटाळून ऑपेरा हाऊसमध्ये गेले, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं सगळ्यात स्वस्त तिकीट, आणि बॅले होता 'ओनेगिन'. मला वाटलं चला, पुस्तक वाचलंय, गोष्ट तरी कळेल. खरं तर पुस्तक मी इंग्लिश भाषांतरात वाचलं होतं आणि मला ते काही विशेष आवडलं नव्हतं. म्हणजे हुशार वाटलं, चटपटीत वाटलं, पण रशियन लोक ज्याच्यावर एवढा जीव टाकतात ते हेच का, असं वाटून ठेवून दिलं होतं.

गोष्ट तशी दोन ओळींत संपते. पीटर्सबर्गमध्ये पार्ट्या करून कंटाळलेला ओनेगिन वारशाने मिळालेल्या गावच्या जमिनीवर येतो, शेजारच्या जमीनदाराची पुस्तकवेडी मुलगी तात्याना त्याच्या प्रेमात पडते आणि रात्रभर जागून त्याला पत्र लिहिते, तो तिला बागेत नेऊन शांतपणे लेक्चर देतो की बाई गं, मला हे झेपणार नाही आणि तूही जरा स्वतःला आवरायला शीक. मग तो मित्राला, लेन्स्कीला, फालतू कारणावरून ड्युएलमध्ये मारतो आणि भटकायला निघून जातो. काही वर्षांनी परत येतो तर तात्याना पीटर्सबर्गमधल्या एका बड्या जनरलची बायको, आता हा तिच्या प्रेमात वेडा, आता हा पत्र लिहितो आणि आता ती नाही म्हणते. बस.

तर पत्राचा सीन. तात्याना टेबलाशी बसते, लिहिते, खोडते, तिथेच डोकं टेकून झोपते. खोलीत एक मोठा उभा आरसा आहे. आणि त्या आरशातून ओनेगिन बाहेर येतो. खरा नाही, तिच्या डोक्यातला. पुढची काही मिनिटं तो तिला असा काही उचलतो, फिरवतो, झेलतो, की वर गच्चीएवढ्या उंचीवर बसलेल्या मला पोटात गोळा आल्यासारखं झालं. संध्याकाळच्या पहिल्या प्रवेशातला खरा ओनेगिन तिच्या शेजारून चालताना कपाळाला हात लावून स्वतःच्याच दुःखात मग्न होता, आणि हा आरशातला तिचं वजनच काढून घेतो. मग तो आरशात परत जातो, ती जागी होते, पत्र पुरं करते आणि म्हाताऱ्या दाईच्या हातात देते.

आणि मला तिथे बसल्या बसल्या प्रश्न पडला की पत्र कुठेय? म्हणजे कागद दिसला, पण त्यात काय लिहिलंय ते सांगितलंच नाही की. एवढं प्रसिद्ध पत्र, आणि ह्यांनी ते लिफाफ्यासकट गिळून टाकलं.

ते कळायला रशियन शिकावं लागलं. श्टुटगार्टहून परत आल्यावर जो क्लास लावला तो खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नापायी.

आता गंमत अशी की पुश्किनसुद्धा पत्र लगेच दाखवत नाही. आधी तो आपल्याला नमनाला घडाभर तेल घालतो, आणि मग सांगतो की एक अडचण आहे, तात्यानाला रशियन नीट लिहिता येत नव्हतं, तिने पत्र फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, बायकांचं प्रेम आजवर रशियन भाषेत बोललेलंच नाही, काय करणार, तेव्हा मी आपलं भाषांतर करून देतो, ते कच्चं आहे, सांभाळून घ्या. म्हणजे रशियन भाषेतलं सगळ्यात लाडकं प्रेमपत्र हे कवीच्याच म्हणण्याप्रमाणे एका न सापडणाऱ्या फ्रेंच पत्राचं कामचलाऊ भाषांतर आहे! तेव्हाच्या खानदानी घरांत हे खरंच होतं, पोरांना फ्रेंच आधी आणि रशियन नोकरचाकरांकडून. पुश्किनची स्वतःची दाई आरीना रोदिओनोव्ना, जिच्याकडून तो गोष्टी ऐकायचा, ती १८२४ च्या सुमारास मिखाइलोव्स्कोयेला त्याच्या सोबत होती जेव्हा झारने त्याला तिथे गावात डांबून ठेवलं होतं, आणि ह्याच काळात हे तिसरं प्रकरण पुरं झालं.

बरं, पत्र सुरू होतं असं: 'या क वाम पिशू, चिवो झे बोल्ये'. मी तुम्हाला लिहितेय, आणखी काय हवं. 'वाम' म्हणजे तुम्हाला. व्यवस्थित, मर्यादेत. तुम्ही आमच्याकडे आलातच कशाला, इथे गावात माझं मी कुणाशी तरी लग्न केलं असतं, चांगली बायको झाले असते, आई झाले असते. इथपर्यंत सगळं तुम्ही. आणि मग एक शब्द येतो, 'द्रुगोय!', दुसरा! दुसरा कुणी? नाही, जगात दुसऱ्या कुणाला मी माझं मन दिलंच नसतं, हे वर ठरलेलं आहे, 'या त्वया', मी तुझी आहे.

तुझी. बस, बांध फुटला. तिथून पुढे ओळीमागून ओळ तू, तुझं, तुला, तूच माझ्या स्वप्नात यायचास, तू कोण आहेस, माझा राखणदार देवदूत की फसवायला आलेला, विचार कर मी इथे एकटी आहे, मला कुणी समजून घेत नाही. आणि अगदी शेवटच्या चार ओळींत ती भानावर येते. संपवते, वाचून बघायची भीती वाटतेय, लाजेने मरायला झालंय, पण मला तुमच्या सभ्यपणाचा भरवसा आहे. तुमच्या. पदर सावरून परत तुम्ही.

हे मला बसच्या रांगेत उभं राहून मोबाईलवर वाचताना कळलं आणि मी खरंच मोठ्याने 'अरे!' म्हणाले. कारण इंग्लिशमध्ये हे सगळं सपाट होऊन जातं, तिथे एकच यू, मग अनुवादक बिचारा करणार काय. कादंबरीकार नाबोकोव्हने तर वर्षानुवर्षं घालवून १९६४ मध्ये ह्या एका काव्याचं टिपांसकट चार खंडांचं भाषांतर काढलं, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवलाय, पण जी वस्तू त्या भाषेतच नाही ती तो तरी कुठून आणणार, फार तर टीप देणार. मराठीत मात्र काहीच करावं लागत नाही. तुम्ही, तू, परत तुम्ही. आपल्या कुठल्याही मुलीने लिहिलं असतं तर अगदी तिथेच घसरली असती आणि अगदी तिथेच सावरली असती.

आणि पुश्किनला ह्या गोष्टीचं वेड होतं, माझा उगाच लावलेला अर्थ नाही हा. १८२८ ची त्याची एक छोटीशी कविता आहे, नावच 'ती इ वी', तू आणि तुम्ही. तिच्या तोंडून चुकून रिकाम्या तुम्हीच्या जागी जिव्हाळ्याचं तू निघून गेलं, आणि मी तिच्यासमोर उभा राहून तोंडाने म्हणतोय तुम्ही किती छान आहात, आणि मनात म्हणतोय माझं तुझ्यावर किती प्रेम आहे. आठ ओळी. संपली.

तर हे कळलं आणि मग तो आरशाचा सीन मला एकदम उलगडला. तो अख्खा नाच म्हणजे पत्रातला 'तू'चा भाग आहे. टेबलाशी बसणं, लिहिणं, खोडणं म्हणजे तुम्ही, मान टेकली की तू, आणि जागी होऊन दाईला हाक मारली की परत तुम्ही. त्यांनी पत्र गिळलं नव्हतं. एका शब्दाचा फरक घेऊन त्याचं एवढं मोठं केलं होतं. करणारा माणूस जॉन क्रॅन्को, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लंडनहून श्टुटगार्टला आलेला, हा बॅले तिथे १९६५ मध्ये पहिल्यांदा झाला, तात्याना होती मार्सिया हायडे नावाची ब्राझीलची नर्तकी. क्रॅन्कोने व्याकरणाच्या दृष्टीने हा विचार केला असेल का, माहीत नाही, बहुतेक नसेलच. पण आरसा त्याने हवेतून आणलेला नाही. पाचव्या प्रकरणात नाताळानंतरच्या दिवसांत तात्याना मुलींच्या रिवाजाप्रमाणे होणारा नवरा बघायला चंद्राकडे आरसा धरते, त्या काळ्या आरशात नुसता उदास चंद्र थरथरताना दिसतो, मग ती आरसा उशीखाली ठेवून झोपते आणि तिला एक भयंकर स्वप्न पडतं, बर्फ, अस्वल, राक्षस आणि त्यांच्यात ओनेगिन. क्रॅन्कोने अस्वल सोडून दिलं, उशीखालचा आरसा उचलून भिंतीला लावला आणि पाचव्या प्रकरणातलं स्वप्न तिसऱ्या प्रकरणातल्या पत्रात घातलं. ह्याला मी चोरी म्हणणार नाही, जुन्या शालूचं परकर-पोलकं शिवतात तसं आहे ते.

कविता आणि बॅले ह्यांच्या मधल्या मुक्कामाबद्दल बोलायला हवं, म्हणजे संगीतकार चायकॉव्स्की आणि त्याचा ऑपेरा. आणि वर्ष १८७७.

काय वर्ष होतं ते. फेब्रुवारीत पीटर्सबर्गला नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपाचा 'ला बायादेर' हा बॅले आला, ज्यात देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर आणि गोवळकोंड्याचा राजा दुग्मंता आहे. हा दुग्मंता म्हणजे आपल्या शाकुंतलातल्या दुष्यंताच्या नावाचा फ्रान्समार्गे रशियात पोचेपर्यंत झालेला चुराडा असणार, कारण पेतिपाच्या थोरल्या भावाने पॅरिसमध्ये १८५८ ला शकुंतलेवर बॅले केलेला होताच. मार्चमध्ये मॉस्कोला चायकॉव्स्कीचा 'स्वान लेक' पहिल्यांदा झाला आणि कुणाला फारसा आवडला नाही. टॉलस्टॉयचं 'अ‍ॅना कारेनिना' ह्याच वर्षी लिहून संपलं. त्याच्या आदल्या डिसेंबरात हाच टॉलस्टॉय मॉस्कोत चायकॉव्स्कीच्या शेजारी बसून त्याच्या पहिल्या क्वार्टेटमधला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेतला, संथ भाग ऐकताना ढसाढसा रडला होता, आणि चायकॉव्स्कीने त्याचा अभिमान आयुष्यभर जपला. हे विशेष कारण टॉलस्टॉय म्हणजे स्टेजवरच्या नाचगाण्याची सगळ्यात जास्त खिल्ली उडवणारा लेखक. 'वॉर अँड पीस'मध्ये नताशा ऑपेराला जाते तिथे उघड्या पायांचा एक माणूस खूप उंच उड्या मारतो आणि ह्या कलेबद्दल त्याला वर्षाला साठ हजार रुबल मिळतात असं लिहून टॉलस्टॉय मोकळा होतो. पण तीच नताशा काकांच्या गावच्या घरी शेतकऱ्यांचं गाणं सुरू झाल्यावर शाल टाकून अशी नाचते की फ्रेंच मास्तरणीने वाढवलेल्या ह्या पोरीत हे आलं कुठून, असा प्रश्न खुद्द लेखकालाच पडतो. नाचावर माणूस चिडला तरी नाचाशिवाय त्याचं भागत नाही.

असो, चायकॉव्स्की. मे महिन्यात एका गायिकेने, लाव्रोव्स्काया तिचं नाव, सहज सुचवलं की ओनेगिनवर ऑपेरा का करत नाही. त्याला आधी ते खूळ वाटलं. मग एकटाच एका खानावळीत जेवत असताना विचार करता करता पटलं, धावत जाऊन पुस्तक मिळवलं, रात्रभर झोपला नाही आणि सकाळपर्यंत कथानकाचा आराखडा तयार. सुरुवात केली ती पत्राच्या सीनपासून. पत्रासाठी त्याने पुश्किनच्याच ओळी घेतल्या, त्यामुळे तुम्ही आणि तूची ती घसरगुंडी गाण्यातही तशीच आहे, आणि 'तू कोण आहेस, माझा देवदूत की' ह्या जागी तो अशी काही चाल लावतो की रशियनचा एक शब्द न येणाऱ्यालाही कळावं, आता ही बाई हद्द ओलांडून गेली.

आणि नेमकं ह्याच वेळी त्याच्या टेबलावर खरं पत्र येऊन पडलं. अंतोनिना मिल्युकोवा, कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाची, आधीची विद्यार्थिनी, मी तुमच्यावर प्रेम करते, तुमच्याशिवाय जगू शकत नाही. इकडे तात्यानाच्या पत्राला चाली लावणारा माणूस, ओनेगिनवर मनातून चिडलेला की कसा हा कोरडा माणूस, एका पोरीचं मन असं लाथाडतो, आणि तिकडे हे पत्र. आपण ओनेगिनसारखं वागायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्याला बायकांमध्ये रस नाही हे त्याला स्वतःला पुरतं ठाऊक होतं. तरी जुलैमध्ये लग्न केलं. दोन-अडीच महिन्यांत तो मनाने पार कोसळला आणि पळून गेला, परत कधी ते एकत्र राहिले नाहीत, घटस्फोटही झाला नाही, अंतोनिनाची शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली आणि १९१७ मध्ये ती वारली. लोक तिला मूर्ख, किरकोळ म्हणून मोकळे होतात, जुन्या चरित्रांमध्ये तर तिला जवळजवळ खलनायिका केलंय, मला तो अन्याय वाटतो. तात्यानाने पत्र लिहिलं तर ती रशियाची लाडकी, आणि हिने लिहिलं तर ही वेडी? फरक एवढाच की तात्यानाला उत्तर नाही असं आलं आणि अंतोनिनाचं दुर्दैव असं की तिला हो आलं.

आणि त्याच काळात तिसरं पत्रप्रकरण चालू होतं, नादेझ्दा फॉन मेक. श्रीमंत विधवा, रेल्वेचा पैसा, चायकॉव्स्कीला वर्षाला सहा हजार रुबल देणारी, अट एकच, भेटायचं नाही. जवळजवळ चौदा वर्षं हजाराच्या वर पत्रं, आणि शेवटपर्यंत बोलणं नाही. १८७८ मध्ये एकदा तिने विचारलं की आपण आता एकमेकांना 'ती' म्हणायचं का. आणि त्याने नको म्हटलं, फार नाजूकपणे, माझी हिंमत होत नाही, तुमच्याशी असलेल्या नात्यात मला जराही खोटेपणा सहन होणार नाही अशा अर्थाचं काहीतरी. मला हे वाचून कुठेतरी फार लागलं. ज्या माणसाने नुकतंच संगीतातलं सगळ्यात सुंदर 'तू' लिहून हातावेगळं केलंय, त्याला स्वतःच्या पत्रात तो शब्द लिहिता येत नाही.

तो ऑपेरा १८७९ मध्ये मॉस्कोच्या माली थिएटरमध्ये कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा केला, त्याला स्वतःला तसंच हवं होतं, कोवळी पोरं, जाडजूड अनुभवी गायिका नकोत. कादंबरीकार तुर्गेनेव्हने टॉलस्टॉयला लिहिलं की संगीत निःसंशय अप्रतिम, पण संहिता कसली आहे ती! आणि खरं सांगू, मला तुर्गेनेव्हचं पटतं. पुश्किनच्या काव्यातलं सगळ्यात भारी पात्र म्हणजे गोष्ट सांगणारा पुश्किन, सतत मधे मधे बोलणारा, टोमणे मारणारा, बायकांच्या पायांवर कडवीच्या कडवी लिहून परत सॉरी म्हणणारा. तो ऑपेरातही नाही आणि बॅलेतही नाही. दोघांनी दुःख घेतलं आणि हसू विंगेत ठेवलं. तुकारामाचे अभंग गाताना फक्त करुण निवडावेत आणि त्याच्या शिव्या वगळाव्यात तसं काहीसं.

त्यातल्या त्यात एक मजा. तात्यानाच्या नवऱ्याला पुश्किनने नावच दिलेलं नाही, नुसता जनरल. ग्रेमिन हे नाव ऑपेराने दिलं आणि त्याला एक सुंदर गाणंही दिलं. आता क्रॅन्कोने आपल्या बॅलेत ऑपेरातलं एकही चरण घेतलेलं नाही, सगळं चायकॉव्स्कीचंच पण दुसरीकडचं, पियानोच्या छोट्या तुकड्यांचं कुर्ट-हाइन्झ श्टोल्झने ऑर्केस्ट्रासाठी केलेलं. आरशाच्या नाचाला रोमिओ-ज्युलिएटच्या अर्धवट राहिलेल्या द्वंद्वगीताचे सूर आहेत. पण ग्रेमिन हे नाव मात्र बॅलेने गुपचूप ठेवून घेतलं. सूर परत केले, माणूस नाही केला.

मला आधी वाटायचं की हे सगळं उतारावरून घरंगळत आलंय, आधी कविता, मग संगीत, मग नाच. पण पहिल्याच प्रकरणात ओनेगिन थिएटरला जातो आणि तिथे स्टेजवर उभी आहे इस्तोमिना. ही खरी बाई, अवदोत्या इस्तोमिना, पुश्किनच्याच वयाची, पीटर्सबर्गची लाडकी बॅलेरिना. पुश्किन काही ओळींत तिला उभी करतो, चमचमती, अर्धी हवेत, व्हायोलिनच्या जादूच्या गजाला वश झालेली, एका पायाने जमिनीला टेकून दुसरा पाय संथ फिरवतेय, 'इ व्द्रूग प्रिझोक, इ व्द्रूग लितीत', आणि एकदम उडी, आणि एकदम उडालीच, वाऱ्याच्या देवाने फुंकर मारल्यावर पीस उडावं तशी. बाईंनी क्लासमध्ये हे वाचून दाखवताना टेबलावर बोटांनी ताल धरला होता, मला तर बोलच ऐकू आले, शेवटी पायावर पाय आपटतात तिथे तर सरळ तिहाई. म्हणजे नाच कवितेतून निघाला नाही, कवितेतच होता, तिच्या चालीत.

आणि ओनेगिन काय करतो? उशिरा येतो, लोकांच्या पायांवर पाय देत खुर्चीपर्यंत जातो, बॉक्समधल्या अनोळखी बायकांना दुर्बिणीतून न्याहाळतो, स्टेजकडे एक नजर टाकतो आणि जांभई देतो. बॅले खूप सहन केले म्हणतो, पण आता दिदलोचाही कंटाळा आला. शार्ल दिदलो म्हणजे तेव्हाचा तिथला मोठा बॅलेमास्टर. ह्या ओळीला पुश्किनने स्वतःच तळटीप दिलीय, की हा कंटाळा ओनेगिनचा, माझा नाही, दिदलोच्या बॅलेंमध्ये भरपूर कल्पनाशक्ती आणि गोडवा आहे, आणि आमच्या एका रोमँटिक लेखकाला तर त्यांच्यात अख्ख्या फ्रेंच साहित्यापेक्षा जास्त काव्य सापडलं. हा लेखक कोण हे सांगायची गरज नसावी. दिदलोने तर ह्या ओळी लिहिल्या जायच्या आधीच, १८२३ च्या सुरुवातीला, पुश्किनच्या 'कॉकेशसचा कैदी'वर बॅले बसवला, त्यात इस्तोमिना नाचली. पुश्किन तेव्हा दूर किशिनेव्हला हद्दपारीत. स्वतःच्या कवितेवरचा नाच त्याला बघता आला नाही, भावाला पत्र लिहून विचारतोय की दिदलोचं कसं काय झालं, आणि ती चेर्केस मुलगी झालेली इस्तोमिना, जिच्या मागे मी एके काळी होतो.

इस्तोमिनाच्या मागे बरेच होते, १८१७ मध्ये तिच्यावरून झालेल्या ड्युएलमध्ये शेरेमेतेव्ह नावाचा तरुण अधिकारी मेला. ह्या भांडणात ड्युएलची आणखी एक जोडी ठरली होती, तिच्यात होता नाटककार ग्रिबोयेदोव्ह, त्यांची बारी पुढच्या वर्षी तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला झाली, ग्रिबोयेदोव्हच्या हाताला गोळी लागली. हा ग्रिबोयेदोव्ह पियानो फार छान वाजवायचा, त्याचे दोन वॉल्ट्झ अजून वाजवतात, युट्यूबवर ऐका, ई मायनरमधला तर ऐकाच. १८२९ मध्ये तेहरानला रशियन वकिलातीवर जमाव चालून गेला त्यात तो मारला गेला, आणि प्रेत ओळखलं म्हणे त्या जखमी हातावरून. कॉकेशसमधून जाताना पुश्किनला समोरून एक बैलगाडी येताना दिसली, काय आणताय विचारलं तर उत्तर आलं, ग्रिबोयेदला. पुश्किनने स्वतः हे लिहून ठेवलंय. आठ वर्षांनी तोही ड्युएलमध्येच गेला. थिएटरच्या त्या कडव्यांमध्ये मला आवडणारी ओळ मात्र ह्यांच्यातल्या कुणाबद्दलच नाहीये, बाहेर बर्फात शेकोटीभोवती उभे राहून मालकांना शिव्या घालत हातावर हात आपटणाऱ्या गाडीवानांबद्दल आहे. आत टाळ्या, बाहेरही टाळ्या.

बॅलेत एक गोष्ट मला अजूनही खटकते. दुसऱ्या अंकात ओनेगिन तात्यानाचं पत्र तिच्यासमोर टराटरा फाडून तुकडे तिच्या हातात ठेवतो, आणि शेवटी ती त्याचं पत्र तसंच फाडून त्याच्या हातात देते. स्टेजवर हे जबरदस्त दिसतं, फिट्टंफाट, थिएटर गार होतं. पण पुश्किनचा ओनेगिन पत्र फाडत नाही हो. आठव्या प्रकरणात सरळ लिहिलंय की तिचं ते पत्र त्याने अजून जपून ठेवलंय. नको म्हणून सांगितलेल्या मुलीचं पत्र इतकी वर्षं ठेवून देणारा माणूस फाडणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. पण कपाटात ठेवून दिलेलं पत्र नाचून कसं दाखवणार, क्रॅन्कोची अडचण मला कळते.

शेवटच्या नाचात ओनेगिन जमिनीवर सरपटत तिच्या मागे येतो, तिचं अंग त्याच्याकडे झुकतं, परत ओढून घेतं, परत झुकतं. शरीर तू म्हणतंय. पुश्किनमध्ये ह्याच जागी तात्याना बोलते आणि सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, तुम्हीमध्ये. माझं तुमच्यावर प्रेम आहे, उगाच खोटं कशाला बोलू, पण मला दुसऱ्याला दिलेलं आहे, मी जन्मभर त्याचीच राहीन. ह्याच वाक्यासाठी १८८० मध्ये दोस्तोयेव्हस्कीने मॉस्कोच्या भाषणात तिला डोक्यावर घेतलं आणि म्हणाला की काव्याला नाव तिचंच द्यायला हवं होतं. मला त्या वाक्यातला त्याग वगैरे नाही दिसत. मला दिसतं ते 'तुमच्यावर'. प्रेम आहे हे तिने तुम्ही म्हणून सांगितलं, आता परत नाही घसरणार.

हे सगळं मी त्या जानेवारीत आजीला फोनवर सांगितलं होतं, म्हणजे तेव्हा जेवढं कळलं होतं तेवढं. आजी सातारकडची, लग्न तेराव्या वर्षी, आजोबा परळला गिरणीत. आजोबांना तिने जन्मात अहो सोडून काही म्हटलं नाही, नाव फक्त उखाण्यात. पत्र असायचं ते पोस्टकार्ड, मास्तरांच्या पोराकडून लिहून घेतलेलं, सगळे खुशाल, म्हैस व्यायली, मनिऑर्डर मिळाली. पोस्टमनपासून चाळीतल्या शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचणार, त्यात काय तू नि काय तुम्ही.

तात्याना पत्राआधी दाईला विचारते, तू कधी प्रेमात पडली होतीस का गं? दाई म्हणते, आमच्या वेळी प्रेम हे ऐकलंच नव्हतं, नाहीतर सासूने जिवंत ठेवलं नसतं. मग लग्न कसं झालं? देवाची इच्छा, माझा वान्या माझ्याहून लहान आणि मी तेरा वर्षांची, भीतीने रडत होते, रडत रडत वेणी सोडली आणि गाणी म्हणत चर्चात नेलं. मी एवढं वाचून दाखवल्यावर फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग आजीने विचारलं, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

मला सांगता येईना. बॅलेत ती पत्र घेऊन जाते आणि गोष्टीतून निघून जाते, इंग्लिश भाषांतरातलंही मला काही आठवेना, कोण लक्ष ठेवतं दाईवर. उत्तर सापडलं ते दोन वर्षांनी, डिक्शनरी घेऊन आठवं प्रकरण वाचताना, अगदी शेवटी, त्याच तुम्हीवाल्या भाषणात. तात्याना म्हणते, हा सगळा झगमगाट, हा मुखवट्यांचा बाजार मी आत्ता देऊन टाकेन, त्या पुस्तकांच्या फळीसाठी, त्या रानटी बागेसाठी, आणि त्या साध्या कबरस्तानासाठी जिथे आता एक क्रूस आणि फांद्यांची सावली आहे, माझ्या बिचाऱ्या दाईवर.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, आजी झोपली असणार माहीत होतं तरी फोन लावला. काकूने उचलला, आजीला उठवून दिला. मी म्हटलं, आजी, ती दाई, रशियातली, ती वारली गं, पण त्या मुलीने शेवटी तिचं नाव काढलं, नवऱ्याच्या वाड्यात उभी राहून.

"काढलं ना," आजी म्हणाली. "बरं झालं. तू जेवलीस का?"